डावीकडची गाठ

पिशोरच्या नानासाहेबांना देवानं दोन डोळे दिले होते आणि तिसरा साखर कारखान्यानं. एकोणतीस वर्षं ते कारखान्याच्या वजनकाट्यावर बसले. उसाच्या तळाला दगड घालणारे, मोळ्यांवर पाणी मारून आणणारे, गाडी काट्यावर चढली की आडून एक पाय टेकवून उभे राहणारे, असे कितीतरी बहाद्दर त्यांनी धरले. निवृत्त झाले तेव्हा काटा सुटला, पण सवय काही सुटली नाही. दुधात बोट बुडवून पाहायचे, कापसाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, आणि लग्नपत्रिका आली तरी उलटी करून मागं काय छापलंय ते आधी वाचायचे. गावातली पोरंटोरं म्हणायची, नाना आरशात पाहतात तेव्हा आरसाच घाबरतो.

त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, स्वभाव बरोबर उलटा. त्या बाईनं आयुष्यात कुणाला 'कशावरून?' असं विचारलं नव्हतं. पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं, तेव्हा शेजारणीनं 'उष्णता असेल' म्हटलं आणि त्यांनी चार महिने सब्जाचं पाणी पिऊन काढले. शेवटी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहणारी त्यांची मुलगी अपेक्षा, ती शाळेत शिक्षिका, सुट्टीला आली, तिनं आईला गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला.

तिथल्या डॉक्टर उमा मॅडम मोठ्या समजूतदार बाई. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "रोबोटच्या मदतीनं पिशवी काढायची. पण आजार पिशवीबाहेर गेलाय का, हे कळायला हवं. ओटीपोटात दोन्ही बाजूंना लसिकाग्रंथी असतात, आपण गाठी म्हणू. आजार सरकला तर आधी तिथं जातो. आम्ही एक रंग टोचतो. तो रंग ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतो, ती पहारेकऱ्यासारखी गाठ. उजवीकडची एक आणि डावीकडची एक, तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यांत आजार असेल, तर केमो आणि रेडिएशन."

"आन हे समदं रोबोट करणार?" नानांनी विचारलं.

"मीच करणार. मी शेजारी बसून कळा फिरवते, त्याची बोटं आत तशीच फिरतात. पोटाला फक्त बारीक छिद्रं पडतात."

"म्हंजे तुम्ही पेशंटला हात लावणारच नाय."

मॅडम हसल्या. नाना हसले नाहीत. 'साहेब, मी तर गाडीतच बसून व्हतो, मी काय केलं?' असं म्हणणारे ट्रॅक्टरवाले त्यांनी रग्गड पाहिले होते.

लक्ष्मीबाईंनी मात्र अंगठा कुठं उठवायचा एवढंच विचारलं. अपेक्षा म्हणाली, आई, तुला सही येते ना. तेव्हा लाजून सही केली.

ऑपरेशन तीन तास चाललं. काढलेलं नातेवाइकांना दाखवायचं ही आपल्याकडची रीत, तशी सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी घेऊन बाहेर आली. अपेक्षानं तोंड फिरवलं. नानांनी वाकून नीट पाहिलं.

"आन गाठी?"

"दोन्ही लॅबला गेल्या, काका."

"दोनच?"

"हो, दोनच निघाल्या."

नानांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. त्यांची थोरली बहीण, कन्नडला दिलेली कडूबाई, पाच वर्षांपूर्वी ह्याच दुखण्यातून उठली होती. तिचं पोट बेंबीपासून खाली उभं फाडलं होतं, बारा दिवस बाई अंथरुणाला खिळून होती, आणि रिपोर्टवर आकडा होता बत्तीस. बत्तीस गाठी! तो आकडा नानांना स्वतःच्या सातबाऱ्यासारखा पाठ होता. पाहुण्यारावळ्यांत ते तो सांगायचे, जणू आक्कानं त्या गाठी शेतात पिकवल्या होत्या. आता त्याच दुखण्यात, एवढ्या मोठ्या यंत्रानं, दोन? बत्तीसाच्या जागी दोन भरल्या तर तीस कुठं गेल्या, हा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ऑपरेशनचं चित्रण दाखवलं. काळोखात एक बारीक गाठ हिरवीगार चमकत होती. अपेक्षा पाहत राहिली. नानांनी विचारलं, "हे हिचंच पोट कशावरनं?"

"नाना!" अपेक्षा ओरडली.

मॅडमनी पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव दाखवलं. नाव तर कुणीही टाकतं, असं नाना मनात म्हणाले. मोठ्यानं म्हणाले नाहीत, एवढी कृपा.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई आपल्या पायांनी चालायला लागल्या. "मुंगी चावल्यावानी दुखतंय, बास," म्हणाल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं देवाला नारळ फोडला असता. नानांचा संशय उलट बळावला. एवढं मोठं दुखणं काढलं, तर दुखायला नको? आक्का महिनाभर कण्हत होती. हिला नुसतीच भोकं पाडून परत शिवलं नसेल कशावरून? पिशवी म्हणून ट्रेमध्ये दाखवली ती तरी कुणाची?

खरं सांगायचं तर नाना घाबरले होते. चाळीस वर्षं जी बाई शेजारी होती, ती नसली तर काय, हा विचार त्यांच्या छातीवर बसला होता. पण घाबरलोय असं म्हणणं त्यांना येत नव्हतं. त्यांना एकच येत होतं, समोरच्याची चोरी पकडणं. तेच ते करत सुटले.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. लक्ष्मीबाई तोवर अपेक्षाच्या घरी आल्या होत्या. अपेक्षानं वाचून दाखवला. "पिशवीतला आजार वरवरचाच होता, फार खोल गेला नव्हता. दोन्ही गाठींच्या पहिल्या कापात काही सापडलं नाही. पण आतपर्यंत अगदी पातळ काप करून पुन्हा तपासायचंय. त्याला अजून चार-पाच दिवस."

"मंग चांगलंच हाय की," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

नाना मात्र उठून येरझाऱ्या घालू लागले. गाडी काट्यावर एकदाच चढते. 'साहेब, उद्या पुन्हा चढवतो' असं कुणी म्हणालं, की रात्रीतून त्यात काहीतरी घातलं किंवा काढलं जाणार हे ठरलेलं. एकदा तपासलं, काही नाही निघालं, मग पुन्हा कशाला? चार-पाच दिवसांत काय बदलायचंय ह्यांना? आक्काच्या वेळी तिच्या नवऱ्यानं, सांडू दाजींनी, पुण्याच्या कुठल्याशा लॅबमधून फेरतपासणी करून आणली होती. गाठींचं मेणात बसवलेलं ते काय असतं ते मागितलं की देतात, हे नानांना तेव्हापासून ठाऊक होतं. ठरलं. ह्यांच्या हातात माल ठेवायचा नाही. पुण्याला न्यायचा. दाजींकडून पत्ता घ्यायचा, तोही समक्ष, कारण अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

घरात कुणाला न सांगता ते दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या खिडकीवर उभे राहिले. खिडकीत प्रणय नावाचा तरुण होता.

"काका, आतल्या कापांचं काम बाकी आहे. झाल्यावर न्या."

"उमा मॅडमनीच मागितलंय," नाना म्हणाले.

एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं धरणाऱ्या माणसाचं हे पहिलं खोटं, आणि ते तोंडातून इतकं सहज निघालं की त्यांनाच नवल वाटलं. प्रणय घुटमळला. मॅडमना फोन लावला तर त्या ऑपरेशनमध्ये होत्या. मागं रांग वाढली होती, नाना खिडकी सोडत नव्हते. शेवटी रजिस्टरवर सही घेऊन त्यानं पुठ्ठ्याची एक डबी पुढं केली. आत दोन पारदर्शक पुड्या होत्या. एकीवर उजवी लिहिलेलं, दुसरीवर डावी.

"थंड जागी ठेवा काका. मेण आहे, ऊन लागलं तर गेलंच समजा."

माल विकणारा हे सांगतोच, नाना मनात म्हणाले. उद्या बिघडला की 'तुम्हीच नीट ठेवला नाही' म्हणायला मोकळा.

गाडीत बसल्यावर त्यांनी डावीची पुडी उघडली. आत खरंच काही आहे का ते पाहायला नको? प्लॅस्टिकच्या चौकटीत पांढऱ्या मेणाची वडी, आणि मेणात मसुरीच्या डाळीएवढे दोन-तीन करडे ठिपके. बस्स. ह्यासाठी एवढं यंत्र. पुडीचं तोंड परत दाबून लागेना, तेव्हा ती नुसतीच दुमडून डबीत सारली. डबी मागच्या सीटवर ठेवली तर नजरेआड होईल, म्हणून समोर काचेखाली ठेवली आणि गाडी कन्नडच्या रस्त्याला लावली. मे महिना होता. काच भरून ऊन येत होतं, पण नानांनी गाडीतला एसी लावला होता आणि दर पाच मिनिटांनी डबीकडं पाहिलं होतं. वाटेत कुणी हात दाखवला, त्यालाही घेतलं नाही.

कन्नडला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. सांडू दाजींच्या दारात सावली नव्हती. गाडी उन्हातच उभी केली, चारही दारांना कुलूप लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि आत गेले.

"पत्ता देतो की, पण जेवल्याबिगर नाय," दाजी म्हणाले. "किती दिसांनी आलाव."

मग पाणी झालं, चहा झाला, उसाचं बिल आणि कारखान्याचं राजकारण झालं. चुलीवर भाकरी पडायला लागल्या. कडूबाई खाटेवर बसून होती. ती आता खाटेवरूनच घर चालवायची, सुनेला हाका मारून.

"लक्ष्मी कशीय रं नाना?"

"चालायली. तिसऱ्याच दिवशी चालायली. तेच तर मला पटंना गेलंय."

"आन पाय?"

"पायाचं काय? पोटाचं ऑपरेशन झालंय, आक्का."

कडूबाईनं दाराकडं पाहिलं, सून आत आहे ना याची खात्री केली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नानांनी तो पाय उघडा कधी पाहिलाच नव्हता. घोटा आणि पोटरी वेगळी राहिली नव्हती, वरपासून खालपर्यंत उखळासारखा एकसारखा पाय, त्यावर करकचून पट्टी, पट्टीच्या वर कातडी ताणून चकाकत होती.

"हे हत्तीपायाचं हाय ना? मला तर तसंच सांगितलं व्हतं."

"गाव म्हणतं हत्तीपाय. मी बी म्हणू देते. कुणाकुणाला सांगत बसू?" कडूबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणला, गाठी काढल्यावर पायातल्या पाण्याला वर चढायला वाट राहिली नाय. त्या येळंला तशीच पद्धत व्हती, त्यांचा दोष नाय. जीव वाचला माझा. पण पाच वर्सं झाली, चप्पल घातली नाय. पंगतीत मांडी घालून बसले नाय. शेतात तर गेलेच नाय."

"मंग बत्तीस काढल्या त्या..."

"त्या बत्तीसातल्या एकीत बी आजार नव्हता रं," ती म्हणाली. "एकीत बी नाय. तू आपला बत्तीस-बत्तीस म्हणून सांगत फिरतूस समद्यांना, मला लई हसू यायचं. लक्ष्मीच्या किती काढल्या?"

"दोन."

"दोनच?" कडूबाईनं लुगडं खाली सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसतही होती. "मंग लई नशिबाची हाय बाई."

जेवायला बसल्यावर नानांचा घास तोंडातच फिरत राहिला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, जास्त गाठी काढल्या तो डॉक्टर प्रामाणिक, कमी काढल्या तो चोर. उमा मॅडमनी हेच तर चित्र काढून सांगितलं होतं, बाकीच्यांना हात लावायचा नाही म्हणून. त्यांनी ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग फार दिवसांनी हलकंही वाटलं. म्हणजे लक्ष्मीला कुणी फसवलं नव्हतं. ती बरी होत होती म्हणूनच चालत होती.

"पत्ता राहू द्या दाजी," ते हात धुताना म्हणाले. "डबी परत नेऊन देतो. संध्याकाळच्या आत पोचतो."

अडीच वाजले होते. त्यांनी गाडीचं दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा झोत आला. समोर काचेखाली काहीतरी तेलकट सांडलं होतं, डबीच्या कोपऱ्यातून पाझरून खाली ओघळलं होतं. नाना टापटिपीचा माणूस. डबी बाजूला केली, सीटखालचा जुना पेपर घेतला, सगळं स्वच्छ पुसलं आणि पेपराचा बोळा करून दारातल्या नालीत टाकला. नालीला मोरीचं पाणी आलं होतं, बोळा लगेच वाहत गेला.

मग त्यांनी डबी उघडली.

उजवीची पुडी बंद होती. आतलं मेण वितळलं होतं, पण करडे तुकडे पुडीतच तरंगत होते. डावीच्या पुडीचं तोंड उघडं होतं. आत प्लॅस्टिकची चौकट तेवढी उरली होती, रिकामी.

नाना नालीकडं धावले. गुडघ्यावर बसून त्यांनी काळ्या पाण्यात दोन्ही हात घातले, गाळ उपसला, भाजीची देठं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, केस. पेपर सापडला तो लगदा होऊन. त्यावर काहीच नव्हतं. पाण्यावर मेणाचा एक बारीक तवंग तेवढा होता. दाजी धावत आले. कडूबाई खाटेवरून उतरून पाय ओढत दारापर्यंत आली.

"काय सांडलं रं?" ती विचारत राहिली. नाना गाळ उपसत राहिले.

दुसऱ्या दिवशी उमा मॅडमसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. खोटं बोलून डबी नेली तेही. मॅडमनी शांतपणे लॅबला फोन केला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी मॅडमनी पुन्हा बोलावलं. "उजवीचे तुकडे परत मेणात बसवता आले. सगळे काप झाले. स्वच्छ आहे. डावीचा पहिला काप आमच्याकडं काचेवर होता, तोही स्वच्छ. पण आत काय होतं ते आता कळणार नाही."

"बाकीच्या गाठी काढून बघता यायच्या नाय का?" विचारता विचारताच नानांना कडूबाईचा पाय दिसला आणि त्यांनी मान खाली घातली.

"नाही. आता दोनच मार्ग आहेत. एक तर दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं. डावीकडं काही नसेलच, ही शक्यता जास्त आहे. पण खात्री देता येत नाही. नाहीतर गरज नसली तरी सावधगिरी म्हणून रेडिएशन द्यायचं, पंचवीस दिवस, आणि त्याचे त्रास सोसायचे. हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. त्यांनी ठरवायचंय. आणि का ठरवावं लागतंय, हे त्यांना कळायला हवं. मी सांगू का?"

"नको," नाना म्हणाले. "म्या सांगतो."

दुपारी चारचा सुमार होता. अपेक्षाच्या घरी लक्ष्मीबाई गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. अपेक्षा आत वह्या तपासत होती. नाना समोर जमिनीवर बसले. उगाच दोन शेंगा फोडल्या. मग त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. आक्काच्या बत्तीस, ट्रेमधली पिशवी, प्रणयची खिडकी, काचेखालची डबी, नाली. काही वगळलं नाही. "मला भ्या वाटत व्हतं," असंही म्हणाले. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं.

लक्ष्मीबाईंचे हात मध्येच थांबले होते. त्या रडल्या नाहीत, बोल लावला नाही. त्या आरडाओरडा करतील, शिव्या देतील, ह्याची तयारी नानांनी करून ठेवली होती.

"म्हंजे डावीकडं हाय का नाय, ते कुणालाच म्हाईत नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाय."

"आन आता कधीच कळायचं नाय."

"पर उजवी चांगली हाय. एकदम साफ. हे बघ, रिपोर्टच आणलाय." नानांनी घाईनं खिशातून कागद काढला, उलगडला, इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिहिलंय बघ. काही नाय म्हणून."

लक्ष्मीबाईंनी त्या ओळीकडं पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ, जसं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. नानांना ती नजर ओळखीची वाटली.

"खरंच म्हणतो," ते म्हणाले. "तुझी शप्पथ."

लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. शेंगांच्या टरफलांची परात बाजूला सारली, भिंतीला हात लावून हळूहळू उठल्या, आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अपेक्षा," त्या म्हणाल्या, "हितं काय लिहिलंय, ते तू वाच गं."